मानाचे बूट

मी दिवसभर लोकांच्या पायाशी बसते. घरी पाहुणे आले की आई हे असं सांगत नाही. ती म्हणते, "सायकलच्या शोरूमला असते." दोन्ही खरं आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत मोहितेकाकांचं सायकलचं दुकान आहे. सायकली काका विकतात. चालवणाऱ्याच्या पायाला योग्य बूट निवडणं आणि त्या बुटातला पाय पॅडलवर नीट बसवणं हे माझं काम. ते शिकायला काकांनीच मला पुण्याला पाठवलं होतं.

या कामात पहिली अडचण पायाला हात लावण्याची. मोजे काढा म्हटलं की निम्मी माणसं अवघडतात. वयस्कर गिऱ्हाइकं तर पाय मागे ओढून घेतात आणि छातीला हात लावून नमस्कार करतात. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ दर वेळी "माफ कर बाळ" म्हणायचे आणि पाय इतका ताठ धरायचे की माप चुकायचं. अशा माणसांचा मला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्याच्या पायाबद्दल स्वतः उत्तरं देणाऱ्यांचा. मी खाली वाकून मुलीला विचारते, "कुठे टोचतंय?" आणि वरून बापाचा आवाज येतो, "न्हाय टोचत." बायकोला विचारावं तर नवरा म्हणतो, "हिला सगळंच टोचतं, तुम्ही द्या बांधून." पाय एकाचा आणि तोंड भलत्याचंच, हे मी रोज पाहते आणि मला त्याची अजून सवय झालेली नाही.

हे काम बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगायला हवं. चप्पल घालून सायकल मारताना पाय पॅडलवर सैल असतो. दुखायला लागलं की माणूस नकळत तो सरकवतो आणि वेळ निभावते. शर्यतीच्या बुटाचं तसं नसतं. त्याचा तळ फळीसारखा कडक असतो. तळाला क्लीट नावाचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, तो पॅडलमध्ये खट्टकन अडकतो आणि पाय जखडला जातो. वर कंबर सीटवर टेकलेली, खाली पाय अडकलेला, मध्ये राहतो गुडघा. क्लीट जराशी वाकडी बसली तर पाय वाकडा राहतो आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघा पिळला जातो. एका घाटात किती फेरे होतात ते मोजायला कुणी बसत नाही, पण गुडघ्याला ते भोगावे लागतात.

म्हणून मी आधी माणसाला टेबलाच्या काठावर बसवते आणि पाय नुसते लोंबकळू देते. कुणाचे चवडे बाहेर बघतात, कुणाचे आत, कुणाचा एक इकडे आणि एक तिकडे. त्यात वावगं काही नाही, ती हाडांची ठेवण असते. बुटाने ती ओळखायची आणि क्लीट त्या दिशेला लावायची. सगळ्यांचे पाय पट्टीने आखल्यासारखे सरळ करायचा अट्टहास करणारे लोक मला भेटतात. त्यांना स्वतःच्या अंगणातल्या ओल्या पायांचे ठसे एकदा पाहायला सांगावंसं वाटतं.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय फुगतो. आधी रुंदी बघावी, मग लांबी. आमच्या भागातले पाय चवड्याशी रुंद असतात. लहानपण चपलेत नाहीतर चिखलात अनवाणी गेलेलं, बोटं मोकळी पसरलेली. बूट मात्र अरुंद पायांच्या देशांतून येतात. मग लोक एक नंबर मोठा घेतात. रुंदीचं काम भागतं, पण लांबी वाढते, टाच आत वरखाली होते आणि चवडा पॅडलवर जिथे यायला हवा तिथे येत नाही. सैल आणि घट्ट या दोन्ही तक्रारी एकाच बुटाबद्दल आल्या, की बूट चुकलाय हे न बघता सांगता येतं.

मागे राधानगरीकडचे एक पाव्हणे आले. बायकोने पहाटे मैत्रिणींबरोबर सायकलिंग सुरू केलं होतं, तिच्यासाठी बूट हवे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून खराट्याची काडी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"हे घ्या माप."

"कुणाचं?"

"मंडळींचं. झोपली हुती तवा घेतलं. सरप्राइज द्यायचंय."

"त्यांनाच घेऊन या ना."

"तिला काय कळतंय त्यातलं?"

"कुठे लागतं ते तर त्यांनाच कळेल."

"मी सांगतो की." असं म्हणून त्यांनी बुटात हात घातला, आत बोटं फिरवली आणि म्हणाले, "मऊ हाय."

"काडीला गुडघा नसतो," मी म्हणाले. पण माझा आवाज बारीक आहे. इंग्रजी शाळेत शिकले, मराठी वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी मी ते मनात एकदा तपासते आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. थांबून ऐकणारी माणसं कोल्हापुरात तशी कमीच. पाव्हण्यांनी मान वळवून काकांना विचारलं, "पोरगी काय पुटपुटतीया?"

काका म्हणाले, "ती म्हणतीया, वहिनींना घिऊन या, चहा पाजतो."

पाव्हणे काडी खिशात घालून गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या बायकोला मी कधी पाहिलं नाही. पण तिच्या झोपलेल्या पायाला लावलेली ती काडी आठवली की आजही डोक्यात जाते.

आता रेश्माची गोष्ट. लिहायला बसले ते तिच्यासाठी.

रेश्मा मलकापूरची. तिच्या अब्बांचं बाजारपेठेत गाद्या भरायचं दुकान आहे. ती रत्नागिरी रस्त्याने आंबा घाटात सराव करायची आणि कोल्हापुरातल्या एका क्लबकडून शर्यतीत उतरायची. तो क्लब चालवणाऱ्यांना सगळे वस्ताद म्हणतात. तरुणपणी तालमीत घुमलेले, नंतर सायकलकडे वळलेले. तालमीची शिस्त त्यांनी सायकलीवर आणली, आणि तालमीतलं मानाचं वेडही. त्यांनी तयार केलेल्या सुहास नावाच्या एका पोराने राज्याची शर्यत जिंकली होती. त्या शर्यतीतले बूट क्लबने जपले. दर वर्षी जो सगळ्यांत चांगला चालवेल त्याला ते बूट घालायला द्यायचे. पुढचा तयार झाला की आधीच्याने स्वतःच्या हाताने ते त्याला द्यायचे. खंडेनवमीला सायकलींबरोबर त्या बुटांचीही पूजा होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लीटला कुणी हात लावायचा नाही. ज्या सेटिंगवर सुहास जिंकला ते सेटिंग हलता कामा नये.

हे बूट मिळालेली पहिली मुलगी रेश्मा. मलकापुरात तिचा सत्कार झाला होता. आणि पुढच्याच महिन्यात राज्याच्या संघाची निवड चाचणी होती. त्या वयोगटातली तिची ती शेवटची. निवड झाली असती तर क्रीडा वसतिगृहात जागा, चांगली सायकल, रोजचा आहार, सगळं मिळणार होतं. नाहीतर पुढच्या वर्षी मोठ्या बायकांबरोबर उतरायचं, तेही घरच्या खर्चाने.

ती अब्बांबरोबर आली तेव्हा बूट स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेले होते.

"ताई, हे रुंदीला जरा सैल करून मिळतील का?" तिने विचारलं. "करंगळी चेंगरतीया."

"आणि पुढे?"

"पुढं मोप जागा हाय."

"आतनं कापूस भरलाय मी," अब्बा म्हणाले. "सावरीचा. गादीला बी एवढा चांगला घालत न्हाय."

पुरुषाच्या लांब, अरुंद पायाचे बूट. तिचा पाय आखूड आणि रुंद. पुढची पोकळी भरायला एका बापाने दुकानातला उत्तम कापूस ठासला होता आणि घामाने तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. त्या कापसावर मी काय बोलणार?

मी तिला सायकलीवर बसवून पॅडल मारायला लावलं. उजवा गुडघा सरळ वरखाली होत होता. डावा वर येताना आत, सायकलीच्या नळीकडे झुकत होता.

"डावा दुखतो?"

तिने अब्बांकडे पाहिलं. "आतल्या अंगाला. चढावर."

बूट उलटा केला. उजवी क्लीट सरळ होती. डावी तिरकी होती, पायाला जबरदस्तीने बाहेर वळवणारी. आणि क्लीटचा प्रकार असा की अडकल्यावर पाय तसूभर हलू द्यायचा नाही. टेबलावर लोंबकळताना तिचे दोन्ही पाय सरळ समोर बघत होते.

"ही फिरवायला लागेल," मी पाना घेऊन म्हणाले.

तिने बूट माझ्या हातातून काढूनच घेतला. "नगं ताई. सेटिंगला हात लावायचा न्हाय, असं वस्तादांनी सांगितलंय."

योगायोगाने ती दोघं असतानाच वस्ताद दुकानात आले. तसे ते तेव्हा बऱ्याचदा यायचे. क्लबच्या ट्यूब, टायर, ब्रेकच्या तारा सगळं आमच्याकडून जायचं, त्यामुळे काका त्यांना आपली खुर्ची द्यायचे. मी म्हणाले, "वस्ताद, डावी क्लीट वाकडी आहे. तिच्या गुडघ्याला ती चालणार नाही."

"ह्याच सेटिंगवर सुहास जितला."

"पण हिचा पाय..."

"पोरी, तू शिकलेली हायेस, मान्य. पर सायकल पुस्तकात चालत न्हाय. पयलं पयलं दुखणारच. दुखलं न्हाय तर मेहनत कसली?" मग ते रेश्माकडे वळले. "काय गं, दुखतंय काय?"

"न्हाय वस्ताद."

"बघ," ते मला म्हणाले.

एरवी कुणी विचारतच नाही म्हणून मी चिडते. इथे विचारलं होतं. पण असं विचारलं होतं की त्याला एकच उत्तर होतं. अब्बा कापसाकडे बघत होते, काका रस्त्याकडे. मी बुटाचा चवडा ताणायच्या साच्यावर चढवला, कारण तेवढीच परवानगी होती. ती दोघं मलकापूरची गाडी पकडायला गेली.

त्याच आठवड्यात सुहास दुकानात आला. आता तो गोकुळ शिरगावला कारखान्यात आहे, पोट सुटलंय, मुलीसाठी लहान सायकल बघायला आला होता. काकांनी नावाने हाक मारली म्हणून कळलं, मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. तो सायकलींमधून चालत होता आणि मी त्याच्या पायांकडे बघत होते. ही माझी खोडच आहे. त्याचा डावा पाय बाहेर पडत होता.

"एक विचारू का? तुमचा डावा पाय..."

"हा? मोडला हुता." त्याने पँट वर करून घोट्यावरचा टाक्यांचा व्रण दाखवला. "मोटरसायकलवरनं पडलो. लोखंडी पट्टी घातलीया आत. तवापासनं पाय सरळच हुईत न्हाय. म्हणून क्लीट बी वाकडी लावून घेतलती."

"हे वस्तादांना माहितीये?"

"माहीत म्हंजे? त्यांनीच मला उचलून दवाखान्यात नेलतं. रात-दिस बसून हुते उशाला."

मी त्याला रेश्माचं सांगितलं. त्याने पँट खाली सोडली. "अरारा," म्हणाला. "ते बूट अजून वापरत्यात हे ठावं हाय मला. पर क्लीट बी तीच आसंल असं वाटलं न्हाय."

"तुम्ही सांगाल वस्तादांना?"

"मी? वस्तादास्नी?" तो हसला, पण ओशाळून. "त्यांनी मला उभं केलंय हो. बघतो. सांगतो."

त्याने सांगितलं नाही. मी रेश्माला मेसेज केला, सुहासच्या घोट्याचं सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं, "चाचणी झाली की बदलू ताई. आत्ता बदललं तर ते म्हणतील पोरीला मान पेलला नाही."

म्हणजे एका मोडलेल्या घोट्यासाठी केलेली तजवीज एका धडधाकट मुलीच्या पायात सक्तीने घातली होती, तीही हळदकुंकू वाहून. अपघात कुणाचा, पट्टी कुणाच्या हाडात आणि शिक्षा कुणाच्या गुडघ्याला. आणि ज्या माणसाने तो घोटा दवाखान्यात नेला होता, त्याला त्या बुटात फक्त विजय दिसत होता.

चाचणीत रेश्मा चढावर सायकलवरून उतरली. पडली नाही, कुणी धक्का दिला नाही. पाय फिरेना म्हणून सायकल बाजूला घेतली आणि कठड्यावर बसली. गुडघा सुजून फणसाएवढा झाला होता, असं अब्बांनी फोनवर सांगितलं. मग म्हणाले, "ताई, कापूस जास्त झाला असंल काय हो माझा?"

दोन दिवसांनी वस्ताद दुकानात आले, काकांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शेवटी पोरींचं काम न्हाय ते. नाजूक असत्यात."

त्या दिवशी मी वाक्य तपासलं नाही. म्हणाले, "सुहासदादाचा डावा घोटा मोडला होता. तुम्हीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. ती क्लीट त्या मोडक्या घोट्यासाठी वाकडी लावलेली होती. रेश्माचा घोटा मोडलेला नव्हता. तुम्ही तिचा गुडघा मोडलात आणि आता तिला नाजूक म्हणता."

वस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी आत्ताच दुकानात आले. "सुहासनं सांगितलं व्हय तुला?"

"त्याच्या घोट्यानं सांगितलं."

ते उठले आणि गेले. चहा तसाच राहिला. काका बराच वेळ एक चाक फिरवत बसले. मग म्हणाले, "बोललीस ते बरं केलंस. आता दिवाळीपत्तर ट्यूबा कोण नेणार तेवढं सांग."

क्लबचं येणं खरंच बंद झालं. रेश्मा मात्र येत राहिली. सूज उतरल्यावर मी तिला रुंद चवड्याचा बूट दिला, ज्यात तिची बोटं पसरतात आणि टाच उचलत नाही. पाय थोडा हलू देणारी क्लीट लावली, तीही पायाला विचारून. चवड्याच्या उंचवट्यावर बोट ठेवून, खूण करून, चालवायला लावून, पुन्हा जरा मागे सरकवून. गुडघा पूर्ण बरा व्हायला महिने गेले. आता ती आंबा घाट चढते. पण तिचा वयोगट संपला, वसतिगृह गेलं. तिला कुणी सॉरी म्हटलेलं नाही. क्लबमध्ये आजही सांगतात की तिला मान पेलला नाही.

यंदा दसरा झाल्यावर ती पुन्हा आली. हातात तोच टॉवेल.

"ताई, क्लबात नवी पोरगी आलीया. तनुजा. शाहूवाडीकडची हाय. वस्ताद म्हणत्यात, बूट तुझ्या हातानं तिला दे. रीत हाय."

"आणि?"

"देणार की. पर असं न्हाय देणार." तिने बूट टेबलावर उलटे ठेवले. "त्यांना मी हितंच बोलवलंय. ती दोघं यायच्या आत क्लीट काढ."

पाना लागेना. किती खंडेनवम्यांचं हळदकुंकू स्क्रूच्या खाचांमध्ये बसून दगड झालं होतं. रेश्माने ओढणीची टाचणी काढून दिली. मी एकेक खाच कोरत होते आणि टेबलावर लाल भुकटी पडत होती. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा क्लीटखालचा तळ नवा कोरा होता, इतकी वर्षं कुणी बघितला नव्हता असा.

वस्ताद तनुजाला घेऊन आले. इतक्या महिन्यांनी पायरी चढले, काकांकडे बघून मान हलवली, माझ्याकडे नाही. मग बूट हातात घेतला आणि उलटा केला.

"सेटिंग कुठं गेलं?"

"मी काढायला लावलं," रेश्मा म्हणाली.

"तू?"

"व्हय. बूट मानाचे हायेत, ठेवा कपाटात. पूजा करा. घालायला लावू नका कुणाला."

वस्तादांनी बुटाच्या कोऱ्या तळावरून अंगठा फिरवला. त्यांना घोटा आठवला, की दवाखाना, की नुसताच राग आला, मला कळलं नाही. त्यांचा चेहरा वाचायचं कामही मला नको होतं. मी तनुजाला टेबलाच्या काठावर बसवलं आणि तिच्या पायातले रोजचे बूट दाखवून विचारलं, "हे कुठे लागतात?"

"लागत न्हाईत तिला," वस्ताद म्हणाले.

"मी तिला विचारलं."

तनुजाने आधी वस्तादांकडे पाहिलं, मग रेश्माकडे. रेश्मा तिच्याकडेच बघत होती.

"करंगळीला," तनुजा हळूच म्हणाली. "आन् हितं. आन् टाचंला बी. आन् चढावर तर..." एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना.

मी पायाचा ठसा घ्यायला जमिनीवर मोठा कागद पसरला. वस्तादांचा पाय त्याच्या कोपऱ्यावर पडला होता.

"जरा पाय काढा," मी म्हणाले.

त्यांनी काढला.